पिवळ्या दाराचा बेलाईद

आमच्या गावाला यंदा जिल्ह्यातल्या सगळ्यांत स्वच्छ गावाचं पहिलं बक्षीस मिळालं. चौकात संगमरवरी पाटी बसवली आहे. तिच्यासमोरून जाताना मला दर वेळी मळमळतं. यांना पित्ताचा त्रास आहे, असं माझी बायको घनिमा लोकांना सांगते. पित्त बिचारं उगाच बदनाम होतंय. पाटीवर समितीची सात नावं कोरली आहेत, त्यांत सहावं माझं आहे, 'कासी, शिक्षक, चिटणीस'. ज्या माणसाला तुडवून आम्ही ती पाटी मिळवली त्याचं नाव कुठेच नाही. निदान कागदावर तरी असावं, म्हणून हे लिहितो आहे.

त्याचं नाव बेलाईद. आम्ही सगळे दा बेलाईद म्हणायचो. अल्जीरियातल्या आमच्या कबाइली डोंगरात वडीलधाऱ्या पुरुषाला दा आणि बाईला लाल्ला म्हणायची रीत आहे. फ्रेंचांशी लढाई चालू असताना त्याचा बाप मारला गेला, तेव्हा पोर नऊ वर्षांचं होतं. वर्षभरात आईही गेली. मग गावानेच त्याला वाढवलं. आज या घरी वाफवलेल्या रव्याचा कुसकुस, उद्या त्या घरी भाकरी आणि अंजीर, हिवाळ्यात कुणाचा तरी जुना लोकरी झगा. चांगलंच केलं गावाने, मी नाही म्हणत नाही. पण केलेलं विसरायला गाव तयार नव्हतं. पोर मोठं झालं, त्याचं लग्न झालं, त्याला मुलगी झाली, त्याचे केस पिकले, तरी कुणीही उठून म्हणायचं, "दा, तुमच्या अंगावरचं मांस आमच्या चुलीचं आहे हं!" तो हसायचा. त्याला ते खरंच वाटायचं.

म्हणून तो जन्मभर राबत राहिला. तिविझी असली, म्हणजे सगळ्या गावाने मिळून करायचं काम निघालं, की फावडं घेऊन पहिला हजर तो. झऱ्याचं टाकं त्याने बांधलं, वरच्या आळीची फरशी त्याने बसवली. कबरी तर सगळ्या त्यानेच खणल्या. आमची जमीन म्हणजे नुसता खडक, हातभर खोल जायचं तर पहारीचं टोक बोथट होतं. माझ्या आईची कबर त्याने जानेवारीत, बर्फात खणली. मी तेव्हा आत शेगडीपाशी कॉफी पीत बसलो होतो. मी मास्तर ना, माझे हात खडूचे. वर्षातून एकदा गाव बैल कापतं आणि मांस घरोघर सारखं वाटतं, त्याचे वाटे घालायचं कामही त्याचंच. त्याने घातलेल्या वाट्यावर कुणी कधी बोट ठेवलं नाही. स्वतःचा वाटा तो शेवटी, जो उरेल तो उचलायचा.

पोटासाठी तो रस्ते खात्यात मजूर होता. त्याचं लग्न झालं त्या वर्षी मैलाच्या दगडांच्या डोक्यावर लावायचा पिवळा रंग थोडा उरला होता, तो त्याने घरी आणून दाराला फासला. इतका भडक की खालच्या सडकेवरून दिसायचा. त्याच्या नव्या नवरीला, मल्हाला, झऱ्यावर बायका म्हणायच्या, "काय गं, नवरा केलास की रस्ता? किती किलोमीटर उरले तेही दारावर लिहून घे." ती कुणाला ऐकते! म्हणायची, "तुमच्या नवऱ्यांना घर सापडत नाही म्हणून ते चौकात बसतात. माझ्याला सापडतं." दर दोन-तीन वर्षांनी तो त्याच रंगाचा हात द्यायचा. पंचेचाळीस वर्षं गावात ते एकच पिवळं दार होतं. त्या माणसाने आयुष्यात हौस म्हणून केलेली तेवढी एकच गोष्ट.

आता बूसादबद्दल. त्याच्याबद्दल लिहायचं म्हणजे आधी हात धुवावेसे वाटतात. बूसाद आमच्या समितीचा अध्यक्ष. तीन मजली बंगला, भोवती पुरुषभर उंच भिंत, भिंतीवर काचा. गावाचा झरा सगळ्यांचा, म्हणून त्याने आपली वेगळी बोअर मारली. पोरं कॅनडात, पोरीचं लग्न शहरातल्या हॉटेलात, गावाला गोडाचा घाससुद्धा नाही. आणि हा माणूस सभेत उभा राहिला की प्रत्येक वाक्याची सुरुवात 'आपण गावकरी' अशी करतो. फ्रान्समध्ये गेलेले आमचे दोनशे जण तसलेच. स्वतःच्या आईला फोन करायला सवड नसते, पण गावाच्या फेसबुकच्या पानावर एकजूट आणि परंपरा यांवर तीन-तीन परिच्छेद लिहितात. ऑगस्टमध्ये येतात, चौकात गाडी आडवी लावतात आणि आम्हाला शिकवून जातात. ज्याला गावापासून जितकं लांब राहायचं असतं तितका त्याला गावाचा पुळका जास्त, असं मी चाळीस वर्षं बघत आलो आहे.

स्वच्छ गावाच्या स्पर्धेत उतरायचं बूसादनेच ठरवलं. गल्ल्या झाडून निघाल्या, कुंड्या आल्या, भिंतींवर नक्षी आली. गावाचा कचरा मात्र जायचा तिथेच गेला, सडकेच्या वळणाखालच्या घळीत. फक्त आता तो आधीच्या दुप्पट झाला, कारण गावात एक कागदही दिसता कामा नये असा हुकूम होता. वरून बघितलं तर घळीत पोती, फाटक्या गाद्या, मेलेली कुत्री, बाळांचे लंगोट. परीक्षकांची गाडी दुसऱ्या बाजूने आणायचं ठरलं. मी ते टिपणात लिहिलं, सुवाच्य अक्षरात.

मग शेवटचं फर्मान निघालं, मुख्य आळीतली सगळी दारं निळी करायची. रंग बूसादच्या मेव्हण्याच्या दुकानातला.

आता जे सांगतो ते मला आधीपासून माहीत होतं. आठवडाभर आधी घनिमा झऱ्यावरून घरी आली ती कळशी ठेवता ठेवताच म्हणाली, "अहो, लाल्ला मल्हाचं काही खरं नाही."

"का? काय झालं?"

"विसरते. काल मला तीनदा विचारलं, तू कुणाची सून म्हणून. घर पण ओळखत नाही. भिंतीला हात लावत चालते आणि पिवळं दार आलं की आत शिरते. त्या दाराने तगलीय बघा ती. तुम्ही सभेत सांगा ना, ते दार तेवढं सोडा म्हणून."

"मी? दुसऱ्याच्या बायकोबद्दल सभेत बोलू?"

"मग कोण बोलणार? आम्हाला तर तुम्ही आत येऊ देत नाही."

मी वर्तमानपत्र उघडलं. आमच्या सभेत घरच्या बाईचं नाव निघत नाही. नवऱ्यानेही काढायचं नाही, मग परक्याने तर दूरच. बैल, भिंत, झरा, भांडण, सगळं निघतं, बायको निघत नाही. ही आमची अब्रू. तिला कवटाळून आम्ही काय काय सडू दिलं आहे ते देवालाच ठाऊक.

शुक्रवारी नमाजानंतर सभा बसली. जुनी दगडी बाकं, मध्ये बूसाद, बाजूला वही घेऊन मी. सव्वाशे पुरुष.

"दा बेलाईद," बूसाद गोड आवाजात म्हणाला, "तुमचंच दार राहिलंय. पोरं उद्या येतील."

"नको," दा बेलाईद म्हणाला.

त्याच्या तोंडून हा शब्द गावाने पहिल्यांदाच ऐकला. काही जण तर ऐकू आलं नाही असं समजून पुढे सरकले.

"नको म्हणजे? रंग गावाचा, मजुरी गावाची. तुम्ही नुसतं बाजूला उभं राहायचं."

"राहू दे, बाबा. पिवळंच राहू दे."

"अहो, सगळी आळी निळी आणि मध्येच हे एक! परीक्षक काय म्हणतील?"

"म्हणतील, हे दार पिवळं आहे."

लोक हसले. बूसाद हसला नाही. "कारण काय ते तरी सांगा."

दा बेलाईदने माझ्याकडे बघितलं. का ते मला तेव्हा कळलं नाही. मी वहीत बघितलं.

"कारण काही नाही," तो म्हणाला. "माझं दार आहे."

"माझं!" बूसादने तो शब्द चिमटीत धरून सगळ्यांना दाखवल्यासारखा केला. "ऐकलंत? माझं! ज्याला गावाने तोंडात घास घालून वाढवला तो म्हणतो माझं. अहो दा, उद्या मी म्हणेन माझी भिंत, हा म्हणेल माझा रस्ता, तो म्हणेल माझा झरा. मग गाव कुठं राहिलं?"

काचा लावलेल्या भिंतीचा हा मालक हे बोलत होता आणि सव्वाशे माणसं माना डोलवत होती. मागून कुणी तरी ओरडलं, "म्हातारपणी माज आला!" दुसरा म्हणाला, "मांस आमच्या चुलीचं, दार ह्याचं!" दा बेलाईद उभा राहिला, टोपी सारखी केली आणि निघून गेला. सभा चालू असताना आमच्याकडे कुणी उठत नाही. त्यांना तेवढंच हवं होतं.

त्याला वाळीत टाकायचं ठरलं. त्याच्याशी आणि त्याच्या घरच्यांशी कुणी बोलायचं नाही, दुकानदाराने काही विकायचं नाही, सलामाला उत्तर द्यायचं नाही. बोलेल त्याला दंड. हात वर करा म्हटल्यावर सगळे हात वर झाले. माझाही झाला. एका हातात पेन होतं म्हणून मी दुसरा वर केला. ठराव मीच लिहिला आणि फेसबुकच्या पानावरही मीच टाकला. संध्याकाळपर्यंत फ्रान्समधून सत्तर-ऐंशी अंगठे आले. 'शाब्बास! गाव जिवंत आहे,' असं एकाने लिहिलं.

दुसऱ्या दिवशी मी त्याला ऑलिव्हच्या बागेपाशी एकटा गाठला. आजूबाजूला कुणी नाही ना हे आधी बघून घेतलं, हेही लिहून ठेवतो.

"दा, एक शब्द सांगा मला. मी समितीत बघतो."

"तू बोलू नकोस माझ्याशी. दंड पडेल तुला."

"कारण सांगितलंत तर सोडतील ते."

"कासी, कबर खण म्हणालात, मी कधी कारण विचारलं? टाकं बांध म्हणालात, विचारलं?" तो फांदीवरून हात फिरवत होता. "मी एकदाच नको म्हणालो. त्यासाठी आता घरातलं माणूस चौकात नेऊन उभं करू का?"

मला सगळं माहीत होतं आणि मी "बरं" म्हणून घरी आलो.

त्यानंतरचे वीस दिवस काय सांगू. ज्याच्या घरचे दोन-दोन मुडदे त्याने पुरले होते, तो माणूस त्याला बघून रस्ता ओलांडायचा. बैलाचा दिवस आला, वाटे दुसऱ्या कुणी तरी घातले, कमी-जास्त झाले, भांडणं झाली. नावं पुकारताना त्याचं नाव गाळलं. तो कोपऱ्यावर येऊन उभा होता. मांसासाठी नसणार, सवयीने आला असेल. लोकांनी पाठी फिरवल्या आणि मग आपापल्या पिशव्या हुंगत घरी गेले. त्या रात्री घनिमाने ताट माझ्यासमोर आदळलं. "खा. गावाचं आहे," म्हणाली. तिने त्या मांसाला हात लावला नाही. मी खाल्लं.

गावातलं दुकान बंद झाल्यामुळे दा बेलाईदला दर बुधवारी दूध, रवा आणायला खालच्या बाजारात जावं लागायचं. परीक्षक आले तो बुधवारच होता. सकाळी तो मिनीबसने गेला. लाल्ला मल्हा नेहमीसारखी डबा घेऊन झऱ्यावर गेली, पंचेचाळीस वर्षांची सवय, पाय आपोआप जायचे. बूसाद टपून होता. दोन पोरांना घेऊन तो त्या दारापाशी गेला.

मी म्हटलं, "बूसाद, अरे, वाळीत टाकलंय ना त्यांना? मग..."

"मग काय? बोलतोय का आपण कुणाशी? दार रंगवतोय," तो म्हणाला, आणि पोरं हसली.

दहा मिनिटांत दार निळं झालं.

अकराला परीक्षक आले. पाच जण, त्यांत शहरातली एक बाई, गळ्यात कॅमेरा. मी हातात माहितीपत्रकं घेऊन आळीच्या तोंडाशी उभा होतो. तेवढ्यात लाल्ला मल्हा झऱ्याकडून वर आली. एका हाताने डबा धरलेला, दुसरा भिंतीवर. चालत चालत आपल्या घरावरून पुढे गेली. आळीच्या टोकाला थांबली. परत फिरली. परत घरावरून गेली. तिसऱ्यांदा तिची चाल बदलली, पावलं पटापट पडायला लागली. ओट्यावर बसलेल्या एका म्हाताऱ्यासमोर ती थांबली आणि काही तरी विचारलं. त्याने नजर जमिनीला लावली. पुढच्या घरातल्या तरुण बाईने दार अर्धं उघडलं, आतून नवऱ्याचा आवाज आला आणि दार बंद झालं. बाकीच्या बायका सभागृहात परीक्षकांसाठी कुसकुस शिजवत होत्या, घनिमाही तिथेच होती.

मग ती माझ्यापाशी आली. डब्यातलं पाणी हिंदकळून तिची लाल-पिवळी फुटा भिजली होती, म्हणजे आमच्या बायका कमरेला गुंडाळतात ते कापड.

"बाळा," ती म्हणाली, "माझं घर कुठं गेलं रे? इथंच होतं. पिवळं दार."

सोळा पावलांवर होतं. मी नंतर मोजली आहेत. बूसाद आळीच्या वळणावर परीक्षकांसोबत उभा राहून माझ्याकडेच बघत होता. बोलायचं नव्हतं, ठीक. बोट दाखवता आलं असतं. दोन्ही हातांत माहितीपत्रकं होती असं मी किती तरी दिवस स्वतःला सांगत राहिलो. एका हातात होती. ती माझ्या तोंडाकडे बघत थांबली, मुलाला उत्तर सुचेपर्यंत मास्तर थांबतो तशी. मी नुसता बघत राहिलो. शेवटी तिने माझ्या बाहीवर थोपटलं आणि ती पुढे गेली.

कॅमेरावाली बाई म्हणाली, "थांबा थांबा, आजी, तिथंच उभ्या राहा. निळ्यावर लाल-पिवळं काय छान दिसतंय!" तिने फोटो काढला. नंतर तो वर्तमानपत्रात आला, खाली लिहिलं होतं, 'परंपरा जपणारी आजी, आपल्या घराच्या दारात'. छापणाऱ्याला माहीत नव्हतं, पण ते दार खरोखरच तिचं होतं.

त्यानंतर ती कुठे गेली ते कुणी बघितलं नाही. आम्ही जेवायला बसलो. सभागृहात भाषणं झाली, बूसादने एकजुटीवर दोन अश्रू ढाळले. घनिमा ताटं वाढत होती. तिला अजून काहीच कळलं नव्हतं आणि मी सांगितलं नाही.

एकच्या सुमाराला दा बेलाईद मिनीबसने वर येत होता. सडकेच्या वळणावर खिडकीतून त्याला खाली घळीत लाल-पिवळं काही तरी हलताना दिसलं. त्याने गाडी थांबवली, पिशव्या तिथेच टाकल्या आणि उतरला. ती पोत्यांच्या ढिगात उभी होती. पायाला काच लागून रक्त वाहत होतं. हातात झाडाची फांदी घेऊन ती कचरा झाडत होती. त्याला बघून म्हणाली, "बरं झालं आलात. किती घाण करून ठेवलीय बघा आपल्या घरात." हे मला मिनीबसच्या ड्रायव्हरने सांगितलं, तो तिला वर चढवायला मदत करत होता. तो दुसऱ्या गावचा होता, त्याला बोलायची मुभा होती.

दा बेलाईदने तिला पाठीवर घेतलं आणि चौकातून आला. आम्ही सगळे तेव्हा परीक्षकांना निरोप द्यायला बाहेर उभे होतो. तिच्या अंगाला आमच्याच कचऱ्याचा वास येत होता, आमच्याच पोरांचा लंगोट तिच्या फुटाला चिकटला होता. पंचाहत्तरीचा म्हातारा पाठीवर बायको घेऊन सव्वाशे पुरुषांतून चालत गेला. एकानेही पाऊल पुढे टाकलं नाही. एका परीक्षकाने विचारलं, "काय झालं त्यांना?" बूसाद म्हणाला, "वय झालंय, पडल्या असतील. मुलगा आहे त्यांचा शहरात, नीट बघतो." त्यांना मुलगाच नाही.

आतून घनिमा धावत आली. तिने कुणाकडे बघितलं नाही, दंडाचं तर नावच नको. सरळ जाऊन तिने लाल्ला मल्हाचा लोंबकळता पाय हातात धरला आणि त्यांच्याबरोबर चालत गेली. जाताना माझ्यासमोर थुंकली. परीक्षक बघत होते. गावात रस्त्यावर थुंकायला तेव्हा बंदी होती.

दुसऱ्या सकाळी मुलीचा नवरा गाडी घेऊन आला आणि त्या दोघांना अल्जियर्सला घेऊन गेला. महिन्याने बक्षीस जाहीर झालं.

आणखी दोन महिन्यांनी बूसादचा निरोप आला. समारंभाला जिल्ह्याचे मोठे साहेब येणार, वर्तमानपत्रवाल्यांना फोटोतली म्हातारी हवी. तातडीने सभा भरली, वाळीत टाकल्याचा ठराव मागे घेतला. एकमताने. आमच्याकडे सगळं एकमताने होतं. "मास्तर, तुम्ही जा," बूसाद म्हणाला, "तुमचं ऐकतील ते."

मी गेलो. मुलीचं, ताऊसचं, घर सहाव्या मजल्यावर. लांबलचक बोळ, दोन्हीकडे एकसारखी तपकिरी दारं, प्रत्येकावर लोखंडी जाळी. दोन घरांत विचारलं, बेलाईद कुठं राहतात? जाळीआडून "माहीत नाही" एवढंच आलं. एकाने तर तेवढंही बोलायची तसदी घेतली नाही. तिसरं दार त्यांचं निघालं.

"कासी? ये," दा बेलाईद म्हणाला. "बूट काढ, ताऊसला चालत नाही."

आम्ही बसलो. तो खंगला होता. त्याने आधी गावाचंच विचारलं. टाक्याची जाळी बदलली का, वरच्या आळीत पाणी तुंबतं का. मग म्हणाला, "त्या लोहाराची म्हातारी कशी आहे?"

"गेली. पंधरा दिवस झाले."

"खणलं कुणी?"

"बूसादने यंत्र मागवलं."

"यंत्राने कडा ढासळतात," तो म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटलं होतं. ज्या गावाने त्याला कचऱ्यासारखं टाकलं त्या गावाच्या कबरींची त्याला काळजी. मला त्याचा राग आला. मग स्वतःची इतकी शिसारी आली की समोरची कॉफी पिववेना.

"इथं बरं आहे का, दा?"

"इथं? तीन महिने झाले, समोरच्याचं नाव माहीत नाही. तुम्हाला बोलणं बंद करायला निदान सभा घ्यावी लागली. इथं तेवढीही गरज पडत नाही."

मी निरोप सांगितला. ठराव मागे घेतला, सगळ्यांनी हात वर केले, दार मी स्वतः पुन्हा पिवळं करून देतो.

"कशाला? तिला आता रंग कळत नाहीत," तो म्हणाला. "टाकताना पण सगळ्यांनीच हात वर केले होते ना?"

"हो."

"तू पण."

"मी पण."

"घनिमा म्हणाली होती मला, मी यांच्या कानावर घालते म्हणून. मल्हाचं." तो माझ्याकडे बघत होता, सभेत बघितलं होतं तसाच. "घातलं होतं तिने?"

खोटं बोलता आलं असतं. "घातलं होतं," मी म्हणालो. "सभेच्या आधीच."

त्याने मान हलवली. "मी आपला धरून चाललो होतो, की गावाला माहीत नव्हतं. रोज संध्याकाळी तेवढं स्वतःला सांगायचो आणि मग झोप लागायची."

तेवढ्यात आतून लाल्ला मल्हा आली. पाय ओढत, भिंतीला हात लावत. तिने नवऱ्याकडे परक्या माणसाकडे बघावं तसं बघितलं. मग माझ्याकडे वळली आणि तिचा चेहरा उजळला.

"ह्याला ओळखते मी," ती म्हणाली.

दा बेलाईद ताडकन उठला. "कोण? कोण आहे सांग हा?" तीन महिन्यांत तिने मुलीलासुद्धा ओळखलं नव्हतं, हे मला नंतर कळलं.

"आमच्या गावचा. बिचारा मुका आहे." ती जवळ येऊन माझ्या बाहीवर थोपटू लागली. "मी घर विचारलं तर सांगायला किती धडपडला, पण तोंडातून शब्द निघेना. डोळ्यांत पाणी आलं होतं ह्याच्या. बाकीच्यांना बोलता येत होतं, तरी कुणी बोललं नाही. हा चांगला आहे."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. मला पक्कं आठवतं.

तिने टोपलीतून रव्याची भाकरी काढली, अर्धी मोडली आणि माझ्या हातात कोंबली. मग मुक्या माणसाला समजावं म्हणून बोटं तोंडाशी नेऊन खूण केली, खा. दा बेलाईद खिडकीकडे तोंड करून उभा होता. मी खाल्लं.